विश्लेषण : एका मणक्यावरून नामशेष सापाचे कुल कसे ओळखतात?

पाथर्डी तालुक्यात उन्हाळ्यात विहिरींची कामे निघतात. तिसगावच्या शिवारात यारी उभी राहते, सुरुंगाने फुटलेला खडक वर येतो आणि विहिरीच्या काठावर दगडांचा ढीग वाढत जातो. त्यात कधी एखादा दगड वेगळा दिसतो. गोल, गुळगुळीत, मध्ये खळगा असलेला, हाडासारखा. मोबाइलवर त्याचा फोटो निघतो, गावच्या ग्रुपवर जातो आणि दोन-चार वेळा फॉरवर्ड झाल्यावर त्याच दगडाचा ‘लाखो वर्षांपूर्वीच्या महाकाय नागाचा मणका’ झालेला असतो.

असा दावा बहुतेक वेळा खोटा ठरतो. पण तो दर वेळी हसण्यावारी नेता येत नाही, कारण महाराष्ट्राच्या जमिनीत नामशेष सापाचे मणके खरोखर सापडले आहेत. चंद्रपूर जिल्ह्यातील वरोरा तालुक्यात पिसदुरा नावाचे गाव आहे. तेथे मिळालेल्या मणक्यांवरून २०११ मध्ये सापाची एक नवी जाती जगापुढे आली. तिच्या शास्त्रीय नावात गावाचेच नाव आहे : ‘मॅडसोइया पिसदुरेन्सिस’. हा साप ‘मॅडसोइडी’ या कुलातला. या कुलातील एकही साप आज पृथ्वीवर जिवंत नाही.

कवटी नाही, कातडी नाही, रंग माहीत नाही. मग केवळ मणक्यावरून कुल कसे ठरते? आणि विहिरीवरचा असा दगड घरी नेण्याआधी थांबायला का हवे?

कुल म्हणजे नेमके काय?

प्राण्यांचे वर्गीकरण पत्त्यासारखे असते. जिल्हा, तालुका, गाव, वाडी अशा उतरंडीने जसे घर सापडते, तसे वर्ग, गण, कुल, प्रजाती आणि जाती या उतरंडीने प्राणी सापडतो. मॅडसोइया पिसदुरेन्सिसचा पत्ता असा : वर्ग सरीसृप, गण स्क्वॅमाटा, कुल मॅडसोइडी, प्रजाती मॅडसोइया, जाती पिसदुरेन्सिस.

स्क्वॅमाटा हा गण महत्त्वाचा. पाल, सरडा, घोरपड, सापसुरळी आणि सर्व साप याच गणात येतात. बोलीभाषेत आपण साप आणि सरडे वेगळे काढतो, पण वंशावळीत साप ही सरड्यांच्याच मोठ्या झाडाची एक फांदी आहे. जनुकांच्या अभ्यासाने तर आणखी एक गोष्ट पुढे आणली. घोरपड दिसायला मोठ्या पालीसारखी असली, तरी नात्याने ती पालीपेक्षा नागाला जवळची आहे. म्हणजे बाह्य रूप नात्याचा भरवशाचा पुरावा नाही. पाय असणे किंवा नसणे यावरूनही नाते ठरत नाही. पाय गमावलेले सरडे आजही जगात आहेत आणि ते साप नाहीत.

म्हणूनच नामशेष प्राण्यांच्या बाबतीत अभ्यासक हाडांच्या बारकाव्यांकडे वळतात. याचे सर्वांत गाजलेले उदाहरण युरोपातले आहे. नेदरलँड्समधील मास्ट्रिख्ट शहराजवळच्या चुनखडीच्या खाणीत अठराव्या शतकात एक प्रचंड जबडा निघाला. कोणी तो मगरीचा म्हटला, कोणी देवमाशाचा. १७९९ मध्ये अॅड्रियन कँपर या अभ्यासकाने तो घोरपडीच्या नात्यातील प्राण्याचा असल्याचे मांडले, पुढे जॉर्ज क्युविए यांनी ते मान्य केले आणि १८२२ मध्ये त्याला ‘मोसासॉरस’ हे नाव मिळाले. खालच्या जबड्याच्या मधोमध असलेला सांधा, टाळूवरच्या हाडांवरील दातांची जादा ओळ आणि वल्ह्यासारखे झालेले पाय ही मोसासॉरिडी या नामशेष सागरी सरड्यांच्या कुलाची ओळख ठरली. जबडा तोच होता. त्यात काय पाहायचे हे कळल्यावर प्राणी बदलला.

मॅडसोइडी हे कुल कोणते?

या कुलाची कथा अर्जेंटिनातील पॅटागोनियात सुरू होते. तेथील मणक्यांवरून जॉर्ज गेलॉर्ड सिम्पसन यांनी १९३३ मध्ये ‘मॅडसोइया’ ही प्रजाती नोंदवली. मादागास्कर बेटावरच्या एका जातीला १९६१ मध्ये रॉबर्ट हॉफस्टेटर यांनी नाव दिले आणि अशा सापांचा एक स्वतंत्र उपकुल केला. १९८७ मध्ये त्याला पूर्ण कुलाचा दर्जा मिळाला.

आज या कुलातील सापांचे जीवाश्म दक्षिण अमेरिका, आफ्रिका, मादागास्कर, युरोप, भारत आणि ऑस्ट्रेलियात नोंदले गेले आहेत. डायनोसॉरच्या काळात हे साप होते. डायनोसॉर संपले तरी हे कुल टिकले. ऑस्ट्रेलियात ‘वोनांबी’ नावाचा त्यांचा वंशज तर हिमयुगापर्यंत, म्हणजे माणूस त्या खंडावर पोहोचण्याच्या सुमारापर्यंत जगत होता. एवढ्या दीर्घ काळ टिकलेले साप त्यानंतर मात्र नाहीसे झाले.

भारतातील नोंदी गेल्या पंधरा वर्षांत भराभर वाढल्या. पिसदुऱ्याची जाती २०११ ची. गुजरातमधील तडकेश्वर येथील लिग्नाइट खाणीतून ‘प्लॅटिस्पॉन्डिलोफिस’ हा साप पुढे आला. २०२२ मध्ये लडाखच्या खडकांतून या कुलातील सापाच्या मणक्याची नोंद झाली. आणि एप्रिल २०२४ मध्ये कच्छमधील पानंध्रो लिग्नाइट खाणीतला ‘वासुकी इंडिकस’ जगभर गाजला. सोशल मीडियावर फिरणारा ‘भारतात सापडलेला महाकाय साप’ तो हाच.

पिसदुऱ्यातच का?

महाराष्ट्राचा बहुतांश भाग काळ्या बेसाल्ट खडकाने झाकलेला आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या काळात जमिनीला पडलेल्या भेगांतून लाव्हा वाहत राहिला आणि थरावर थर साचून दख्खनचे पठार तयार झाले. त्या लाव्ह्याच्या खाली आधीची जमीन गाडली गेली. नद्या, तळी, दलदली आणि त्यांतील प्राणी यांचा तो गाळ ‘लॅमेटा’ या नावाने ओळखला जातो.

पश्चिम महाराष्ट्रात लाव्ह्याची चळत फार जाड आहे, पूर्वेकडे ती पातळ होत जाते. विदर्भात, पठाराच्या कडेला ती संपते आणि खालचा लॅमेटा गाळ उघडा पडतो. पिसदुरा नेमके अशा कडेवर आहे. तेथे जीवाश्मांसाठी डोंगर फोडावा लागला नाही. ते शेतजमिनीच्या पृष्ठभागावरच मिळत आले आहेत.

या जागेची ख्याती नवी नाही. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप, ज्यांच्या नावाने तेथील हिस्लॉप कॉलेज ओळखले जाते, त्यांच्या काळापासून, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून पिसदुऱ्याचे जीवाश्म अभ्यासकांना ठाऊक आहेत. लांब मानेच्या टायटॅनोसॉर डायनोसॉरची हाडे, कासवे आणि दगड झालेली विष्ठा येथे मिळाली. या विष्ठेच्या तुकड्यांत गवताचे सूक्ष्म सिलिकाकण आढळल्याचे २००५ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात प्रसिद्ध झाले. डायनोसॉरच्या काळात गवत होते आणि ते खाल्लेही जात होते, याचा तो पुरावा ठरला. एका शेतातल्या दगडी विष्ठेने पाठ्यपुस्तकातील समजूत बदलली.

त्याच गाळात मोठ्या सापाचे मणके होते. धनंजय मोहबे, जेसन हेड आणि जेफ्री विल्सन यांनी त्यांचा अभ्यास करून २०११ मध्ये नवी जाती जाहीर केली.

मणक्यावरून कुल कसे ठरते?

सापाच्या शरीरात साधारण दोनशे ते चारशे मणके असतात. कवटीची हाडे मात्र पातळ आणि एकमेकांना सैल जोडलेली असतात. साप मेल्यावर ती लवकर विखुरतात, चुरगळतात. मणका भरीव आणि टणक असल्याने टिकतो. त्यामुळे नामशेष सापांचा इतिहास मुख्यतः मणक्यांवरच लिहिला गेला आहे.

ओळखीची पहिली पायरी म्हणजे हा मणका सापाचा आहे का, हे पाहणे. सापाच्या मणक्याला पुढे वाटीसारखा खळगा आणि मागे गोटीसारखा उंचवटा असतो. मागच्या मणक्याच्या वाटीत पुढच्याची गोटी बसते. शिवाय मज्जारज्जूच्या बोगद्यावर पुढच्या बाजूला एक पाचर आणि मागच्या बाजूला तिच्या मापाची खाच असते. सुतार जशी पाचर खाचेत बसवतो, तसा हा जोड. यामुळे साप डावीकडे-उजवीकडे सहज वळतो, पण मणके पिळले जात नाहीत. अशी पाचर काही सरड्यांतही आढळते, म्हणून मणक्याची रुंदी, गोटीचा गोलपणा आणि बरगडी जोडण्याची जागा हेही सोबत तपासले जाते.

दुसरी पायरी कुलाची. मॅडसोइडी कुलासाठी अभ्यासक मुख्यतः चार गोष्टी पाहतात.

पहिली, मणक्याच्या मागच्या बाजूस, त्या खाचेच्या डाव्या-उजव्या अंगाला असलेली बारीक छिद्रे. ती बहुधा उथळ खळग्यात असतात. या कुलाची ही सर्वांत महत्त्वाची खूण मानली जाते.

दुसरी, पुढच्या वाटीच्या दोन्ही बाजूंना असलेली छिद्रे.

तिसरी खूण ‘नसण्याची’ आहे. आजच्या बहुतेक सापांच्या मणक्याला पुढच्या पंखासारख्या भागाच्या टोकाशी एक छोटा काटा असतो. मॅडसोइडी सापांत तो नसतो.

चौथी, बरगडी जोडण्याचे उंचवटे. ते इतके रुंद असतात की, निदान धडाच्या मागच्या भागात, पुढच्या पंखांच्याही बाहेर डोकावतात.

यातले एकच लक्षण सापडले तर कुल ठरत नाही. एखादे छिद्र दुसऱ्या कुलातही अधूनमधून दिसू शकते, एखादा काटा झिजून गेलेला असू शकतो. चारही गोष्टी एकत्र जुळाव्या लागतात. त्यानंतर मणक्याचे आकारमान, पाठीवरच्या काट्याची उंची, खालच्या कण्याची रुंदी अशा बाबींवरून प्रजाती आणि जाती ठरते. मणका मानेजवळचा आहे, धडाचा की शेपटीचा, हेही पाहावे लागते, कारण एकाच सापाचे मणके जागेनुसार बदलतात. ते लक्षात घेतले नाही, तर एकाच सापाच्या दोन मणक्यांना दोन नावे दिली जाण्याचा धोका असतो.

ही छिद्रे काही मिलिमीटरची असतात. विहिरीवर ब्रशऐवजी कुदळीने ‘साफ’ केलेल्या मणक्यावर त्यांचा मागमूस राहत नाही.

तज्ज्ञांचीही ओळख चुकते का?

चुकते, आणि ती सुधारता येते. मात्र त्यासाठी मूळ हाड जपलेले असावे लागते.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे मोहबे यांना १९८० च्या दशकात गुजरातमधील धोळी डुंगरी येथे डायनोसॉरची अंडी आणि लहान हाडे असलेला एक खडक मिळाला. त्यातली सगळी हाडे डायनोसॉरच्या पिलाची असावीत, असे तेव्हा वाटले. २००१ मध्ये जेफ्री विल्सन यांनी तो खडक पाहिला, तेव्हा त्यांच्या नजरेला सापाच्या मणक्यातील पाचर-खाचेचा जोड पडला. खडक काळजीपूर्वक साफ केल्यावर दृश्य उलगडले : फुटलेल्या अंड्याभोवती वेटोळे घातलेला सुमारे साडेतीन मीटरचा साप आणि शेजारी नुकतेच बाहेर आलेले सुमारे अर्ध्या मीटरचे पिलू. २०१० मध्ये या सापाला ‘सनजेह इंडिकस’ हे नाव मिळाले. तो मॅडसोइडी कुलातलाच की त्याच्या जवळचा, यावर अजून मतभेद आहेत. पण साप डायनोसॉरच्या घरट्यांवर डल्ला मारत होते, हे त्या एका खडकाने दाखवले.

ती हाडे सुटी करून वेगवेगळ्या घरांत नेली असती, तर काय उरले असते? एक अंडे, काही मणके आणि थोडी बारीक हाडे. साप अंड्याभोवती होता, ही गोष्ट कोणत्याच हाडावर लिहिलेली नव्हती. ती त्यांच्या एकमेकांजवळ असण्यात होती.

वासुकीचेही तसेच. पानंध्रोच्या खाणीतील २७ मणके २००५ मध्ये मिळाले. ते सुरुवातीला मगरीसारख्या प्राण्याचे समजले गेले. पुढे आयआयटी रुरकी येथील देबजित दत्ता आणि सुनील बाजपेयी यांनी बारकाईने अभ्यास केला, तेव्हा ते सुमारे ४ कोटी ७० लाख वर्षांपूर्वीच्या सापाचे निघाले. त्यांतील सर्वांत रुंद मणका ११ सेंटिमीटरहून अधिक आहे.

बातम्यांत वासुकीची लांबी सर्रास १५ मीटर अशी दिली गेली. मूळ शोधनिबंधातील आकडा ११ ते १५ मीटरच्या दरम्यानचा आहे. आजच्या सापांच्या मणक्याची रुंदी आणि शरीराची लांबी यांच्या गुणोत्तरावरून हा अंदाज काढतात. दोन वेगवेगळ्या पद्धतींनी गणित केल्यावर एक उत्तर सुमारे ११ ते १२ मीटर आणि दुसरे साडेचौदा ते सव्वापंधरा मीटर आले. पूर्ण सांगाडा नसताना शास्त्रज्ञ एवढेच सांगू शकतात. मधला मजकूर गाळून वरचा आकडा तेवढा उचलला, की अंदाजाचा विक्रम होतो.

अंदाज खालीही येतात. इजिप्तमधील ‘जायगँटोफिस’ हा याच कुलातील साप १९०१ मध्ये नोंदला गेला. तो नऊ मीटरहून लांब असावा, असे अनेक वर्षे सांगितले जात होते. २०१७ मध्ये त्याच्या मणक्यांचा पुन्हा अभ्यास झाला आणि लांबी सुमारे सात मीटरवर आली. शतकाहून अधिक काळ ते मणके जपून ठेवलेले होते, म्हणून हे शक्य झाले.

खुद्द कुलाच्या व्याख्येवरही वाद आहे. मॅडसोइडी म्हणून एकत्र केलेले सगळे साप खरोखर एकाच पूर्वजाचे वंशज आहेत का, की केवळ जुनी लक्षणे टिकवून राहिलेल्या वेगवेगळ्या सापांची ती मोट आहे, हा प्रश्न अभ्यासक विचारत आले आहेत. उद्या हे कुल फुटले, तरी पिसदुऱ्याचा मणका तोच राहील. फक्त त्याचा पत्ता बदलेल.

एका मणक्यातून आणखी काय कळते?

पिसदुऱ्याच्या सापाचा नातेवाईक मादागास्करमध्ये आहे. भारत आणि मादागास्कर एकेकाळी जोडलेले होते आणि सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वी वेगळे झाले. त्यानंतर भारतीय भूमी एकटी उत्तरेकडे सरकत राहिली. एकाच प्रजातीचे साप दोन्हीकडे मिळणे, म्हणजे या तुटलेल्या भूभागांतील जुन्या नात्याची जिवंत प्राण्यांकडून मिळालेली साक्ष. सापाला महासागर सहज ओलांडता येत नाही. म्हणून त्याचे मणके खंडांच्या हालचालीचे पुरावे ठरतात.

पण ही साक्ष उभी राहते ती मणका कोणत्या थरातून आला, हे ठाऊक असेल तरच. थर माहीत नसेल तर वय माहीत नाही. वय माहीत नसेल, तर तो साप भारत वेगळा होण्याआधीचा की नंतरचा, हे सांगता येत नाही. मणका तेवढा हातात राहतो.

तिसगावच्या विहिरीत असा मणका मिळेल का?

लॅमेटा गाळातला मणका मिळण्याची शक्यता जवळपास नाही. त्याचे कारण खोली. किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपानंतर तेथे संशोधनासाठी घेतलेल्या विंधनछिद्रात सुमारे ३३८ मीटर बेसाल्ट लागला आणि त्याखाली काही मीटर जुना गाळ मिळाला. कोयना परिसरातील छिद्रांत बेसाल्टची जाडी त्याहून कितीतरी जास्त भरली. पाथर्डी तालुका या दोन्हींप्रमाणेच बेसाल्टच्या पठारावर आहे. तिसगावची विहीर लाव्ह्याच्या वरच्या काही थरांतच पाणी शोधते.

दोन लाव्हा-प्रवाहांच्या मध्ये साचलेल्या गाळात मात्र जीवाश्म असू शकतात. मुंबईत वरळीच्या टेकडीतील अशाच थरात छोट्या बेडकांचे सांगाडे मिळाले आणि १८४७ मध्ये ते शास्त्रात नोंदले गेले. मुंबईतल्याच अशा थरातील कासवाला २००३ मध्ये ‘संकुचेमिस’ हे नाव मिळाले. असे थर पश्चिमेकडे तुरळक आहेत. विहिरीत कठीण काळ्या खडकाच्या मध्येच मऊ, पापुद्र्यांचा, राखाडी किंवा हिरवट गाळ लागला आणि त्यात शंख-शिंपले दिसले, तर ते पाहण्यासारखे असते. दोन प्रवाहांमधला लाल थर मात्र बहुधा लाव्ह्यावर तयार झालेली जुनी, भाजलेली माती असते.

तिसगाव परिसरात जे ‘हाड’ म्हणून फिरते, ते बहुतेक वेळा वेगळेच असते. बेसाल्ट कांद्याच्या पापुद्र्यांसारखा सुटत जातो आणि आत गोल दगड उरतो. त्याला अंडे समजले जाते. लाव्ह्यातील वायूच्या बुडबुड्यांच्या जागी पांढरी खनिजे भरतात. त्यांना दात किंवा मणका म्हटले जाते. राहुरी परिसरातील झिओलाइट तर जगभरच्या खनिज संग्राहकांना माहीत आहेत. दगडाच्या भेगेत मँगनीजच्या क्षारांनी काढलेली झाडासारखी नक्षी अनेकांना नेचाचे पान वाटते.

ओळखायचे कसे? खऱ्या हाडाच्या तुटलेल्या बाजूला भिंगातून जाळीदार, स्पंजासारखी रचना दिसते. खनिजात स्फटिकांच्या सपाट, चकचकीत बाजू किंवा एकात एक कडी दिसतात. मणक्याच्या दोन्ही बाजू आरशातल्या प्रतिमेसारख्या जुळतात. दगडाचा गोलवा असा जुळत नाही.

अहिल्यानगर जिल्ह्यात खऱ्या जीवाश्मांची शक्यता अधिक आहे ती नदीकाठी. गोदावरी खोऱ्यातील जुन्या गाळात हत्ती आणि रानबैल यांच्या नात्यातील प्राण्यांचे जीवाश्म मिळाले आहेत. ते सापाच्या मणक्याइतके जुने नाहीत, पण या प्रदेशातल्या आदिमानवाच्या काळाशी जोडलेले आहेत. वाळू उपसताना, बंधाऱ्याचे काम करताना असे हाड निघाले, तर ते फेकून देण्यासारखे नाही.

फोटो राहतो, जागा कशी हरवते?

येथे मोबाइलचा एक गुण आणि एक दोष लक्षात घ्यायला हवा. लोकेशन सुरू असेल, तर फोनचा कॅमेरा फोटोसोबत अक्षांश-रेखांश आणि वेळ साठवतो. पण तोच फोटो व्हॉट्सअॅपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवला, की तो आकुंचन पावतो आणि ही माहिती त्यातून निघून जाते. दहा ग्रुप फिरून तो पुण्यातल्या अभ्यासकापर्यंत पोहोचतो, तेव्हा ‘पाथर्डी तालुक्यात कुठेतरी’ एवढेच उरते. त्यातच दगड कोणाच्या तरी कपाटात गेलेला असतो आणि विहीर बांधून झालेली असते. फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला, तर माहिती टिकते. एवढ्या साध्या फरकाने जागा वाचते.

म्हणून क्रम असा असावा. विहिरीत उतरून कडा खरवडू नये, ते जिवावर बेतू शकते. दगड अजून थरात असेल तर तो तसाच ठेवून फोटो काढावा, शेजारी एक नाणे ठेवावे म्हणजे माप कळते. एक फोटो जवळून, एक दुरून, ज्यात आजूबाजूचे थर दिसतील. दगड आधीच वर आलेला असेल, तर यारीवाल्याला विचारून तो साधारण किती फुटांवरून आला, हे लिहून ठेवावे. धुणे, घासणे, तेल लावणे टाळावे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाची कार्यालये पुण्यात आणि नागपुरात आहेत. नदीच्या गाळातील हाडांसाठी पुण्याचे डेक्कन कॉलेज आहे.

शेतकऱ्याने सांगावे तरी का?

हा प्रश्न रास्त आहे. विहीर अर्धी झालेली असते, यारीचे भाडे चढत असते, अनुदानाचा हप्ता कामाच्या टप्प्यावर अडलेला असतो आणि पाणी लागायच्या आत पाऊस येतो की काय, ही धास्ती असते. ‘काही सापडले’ असे कळवले तर काम थांबेल, जमीन सरकार घेईल, या भीतीने माणूस गप्प बसतो. त्याला दोष देऊन जीवाश्म वाचणार नाहीत.

दोष व्यवस्थेत आहे. केंद्रीय खाण मंत्रालयाने भूवारसा स्थळे आणि भूअवशेष यांच्या जतनासाठीच्या विधेयकाचा मसुदा डिसेंबर २०२२ मध्ये सूचनांसाठी खुला केला. त्यावर सगळे अधिकार एकाच सरकारी संस्थेच्या हाती जातील, अशी टीका अभ्यासकांनी केली. ती टीका रास्त आहे, पण त्यावरचा उपाय मसुदा सुधारणे हा आहे, विषय लांबवणे हा नाही. कायद्यात दोन गोष्टी स्पष्ट हव्यात. एक, जीवाश्म कळवणाऱ्या शेतकऱ्याची विहीर बंद पडणार नाही. ठरावीक दिवसांत पाहणी होईल, नोंद होईल आणि काम पुढे जाईल. दोन, जीवाश्मासोबत गावाचे आणि कळवणाऱ्याच्या नोंदीचे श्रेय जाईल.

असे करता येते, याची उदाहरणे जवळच आहेत. गडचिरोली जिल्ह्यातील सिरोंचा तालुक्यात वडधम येथे जीवाश्म उद्यान आहे. गुजरातमध्ये बालासिनोरजवळ रैयोली येथे डायनोसॉर उद्यान आणि संग्रहालय उभे राहिले. दोन्ही ठिकाणी गावाचे नाव जीवाश्मामुळे बाहेर पोहोचले. शेततळी, पाझर तलाव, रस्ते अशी सरकारी कामे तर दरवर्षी निघतात. त्यांच्या निविदेत ‘हाड अथवा जीवाश्म दिसल्यास कळवणे’ ही एक ओळ घालायला नव्या कायद्याचीही गरज नाही.

पिसदुऱ्याचे नाव जगातल्या अभ्यासकांच्या यादीत गेले, कारण मणके कोणत्या गावाच्या, कोणत्या गाळातले आहेत, याची नोंद शाबूत होती. त्या मणक्यांवरची छिद्रे आजही मोजता येतात, आणि उद्या कोणी वेगळे मत मांडले तर पुन्हा मोजता येतील. तिसगावच्या यारीतून वर येणारे शंभर दगड साधे बेसाल्टच असतील. एकशे एकावा तसा नसेल, तर तो विहिरीच्या कोणत्या फुटावर होता, हे सांगणारी एक ओळ त्याच्यासोबत असायला हवी.